कोपऱ्यातल्या रजया

माझा आवाज जाड आहे. बसका नाही, घोगरा नाही, सर्दीचा नाही, जाड. पुण्यात फोनवर लोक मला ‘साहेब’ म्हणायचे, दिल्लीत आल्यावर ‘भाईसाहब’ म्हणायला लागले, एवढाच काय तो प्रांताप्रांतातला फरक. चौथीत असताना समूहगीतासाठी बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि कानाशी येऊन सांगितलं, “तू नुसते ओठ हलव हं, आवाज काढू नकोस.” स्नेहसंमेलनात मी सबंध गाणं नुसते ओठ हलवून म्हटलं. घरी आल्यावर आई म्हणाली, किती छान गायलीस गं. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझ्याकडे दोन आवाज होते. एक खरा, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि भावाशी भांडायचा. दुसरा पाहुण्यांसमोरचा, नाकात चढवलेला, पातळ. मला बघायला मंडळी आली तेव्हा पोह्यांची बशी पुढे करत मी त्या पातळ आवाजात तीन वाक्यं बोलले आणि गप्प बसले. लग्न ठरलं. पुढे महाबळेश्वरला एका घोडेवाल्याने आम्हाला भलत्याच वाटेने नेलं, तेव्हा माझा खरा आवाज नवऱ्याने पहिल्यांदा ऐकला. घोडासुद्धा थांबला. नवरा म्हणतो, त्याच क्षणी मी तुझ्या प्रेमात पडलो. साफ खोटं. तो घाबरला होता, मी स्वतः बघितलंय.

त्याला नोएडात नोकरी लागली आणि आम्ही पुणं सोडलं. ते दिवस असे होते की ज्याला म्हणून कॉम्प्युटर येतो तो नोएडाला नाहीतर गुडगावला निघाला होता. आमच्या सेक्टरमध्ये घरं आधी आली होती आणि रस्ते मागून यायचे होते. समोर एक भलामोठा मॉल बांधून होत होता, त्याच्यापलीकडे मोहरीची शेतं. नवरा सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून जायचा. मी पुण्यात शाळेत मराठी शिकवायचे, मराठीत एम.ए. आहे माझं. ते एम.ए. नोएडात कुणाला दाखवणार? सोसायटीत नव्या ओळखी व्हायच्या, बायका विचारायच्या, “आप क्या करती हैं?” आणि मी म्हणायचे, “कुछ नहीं.” पातळ आवाजात. दोन वर्षं मी हे उत्तर दिलं, आणि दर वेळी घरी येऊन आदळआपट केली.

तर अशात एका गणपतीत, मराठी मंडळाच्या प्रसादाच्या रांगेत, एक काकू मला म्हणाल्या की कस्तुरबा गांधी मार्गावर एक ऑफिस आहे, तिथे खेडोपाडी दाखवायच्या माहितीपटांना सगळ्या भाषांतले आवाज देतात. त्यांच्याकडची मराठी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरला परत गेली. दुसऱ्या दिवशी मी तिथे हजर. एक बंगाली गृहस्थ होते, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोंडात सतत लवंग. मराठीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, स्टुडिओ मिळता मिळत नाहीत, जो तो बुक. तुम्हाला घरी रेकॉर्ड करून सीडी आणून देता आली तर बाराच्या बारा फिल्म्स तुमच्या. आधी नमुना द्या. आणि त्यांनी माझ्या हातात दोन पानं ठेवली. विषय होता, शोषखड्डा कसा तयार करावा.

मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की परतीच्या बसमध्ये मी शोषखड्ड्याची दोन्ही पानं पाठ केली. इथे, एवढ्या लांब, माझ्या मराठीसाठी कुणीतरी माझी वाट बघतंय, या कल्पनेनेच मला गुदगुल्या होत होत्या.

घरी रेकॉर्डिंगची सोय होती, कारण नवऱ्याला सगळ्या यंत्रांची हौस. बिल्डरने ‘स्टडी’ म्हणून दिलेली एक खोली होती, दहा फूट बाय दहा फूट, आणि उंचीही दहाच. त्यात याने सुटे भाग जोडून केलेला कॉम्प्युटर, एक माइक, दोन स्पीकर आणि हेडफोन मांडून दाराबाहेर ‘स्टुडिओ’ अशी पाटी लावली होती. स्वतःच्या गिटारसाठी. गिटार त्याला येत नाही, पण तो वेगळा विषय. आम्ही तिथे शोषखड्डा रेकॉर्ड केला. मी अर्थातच पाहुण्यांसमोरच्या आवाजात वाचलं, गळा आवळून, नाक चढवून, एकेक शब्द चिमटीत धरून. सीडीवर स्केचपेनने ‘मराठी, नोएडा’ एवढंच आणि खाली फोन नंबर लिहिला. नाव लिहिलं नाही. निवड झाली की लिहू म्हटलं, उगाच दृष्ट नको लागायला.

तीन दिवसांनी फोन आला. “मैडम, आवाज़ में नीचे-नीचे घूँ-घूँ बहुत है. भारी-भारी लग रहा है. ठीक करके सोमवार तक दूसरी सीडी दे दीजिए. नहीं तो हम बंबई से करवा लेंगे.”

एवढ्या सगळ्यातून मी एकच शब्द ऐकला. भारी.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी कुकरशी भांडत होते. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काय व्हायचंय, जे चौथीत झालं तेच झालं. एवढा जीव खाऊन पातळ वाचलं तरी जाडच. मला नाही द्यायची दुसरी सीडी. देऊ दे बंबईला.

तो नीट ऐकून घेऊन म्हणाला, “अगं, तुझा आवाज नाही तो. खोली आहे.”

“मला समजावू नकोस.”

“समजावत नाहीये. चल, दाखवतो.”

आता माझ्या नवऱ्याचा आवाज हा खरोखर पातळ आहे. सुईत ओवता येईल. त्याने मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि तो जमेल तितका खालचा ‘ऊंऽऽ’ लावून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. भिंतीपाशी नुसतंच ऊं. पण कोपऱ्यात तोंड घातलं की तोच ऊं एकदम फुगायचा, जसं काही कुणी रिकाम्या टाकीत तोंड घालून ओरडतंय. मग म्हणाला, बघ, खोली सगळीकडून दहाच फुटांची, म्हणून एकच ठरावीक खालचा सूर तिला सापडतो आणि ती तो धरून बसते. सगळ्यात जास्त कोपऱ्यांत. तुझ्या आवाजात तो सूर आहे, माझ्यात कमी आहे, एवढंच. बेस म्हणजे हे खालचे सूर. कोपऱ्यांत बेस ट्रॅप उभे करायचे, म्हणजे तो सूर तिथेच जिरतो.

“ट्रॅप? उंदराचा असतो तसा?”

“तसाच समज.”

मला काडीचा विश्वास बसला नाही. मला वाटलं, बायको रडकुंडीला आलीय म्हणून हा भिंतींवर ढकलतोय. पण म्हटलं, करू दे, सोमवारपर्यंत याला तरी काम.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून इंटरनेटवरच्या माहितीचे कागद छापून आणले. अमेरिकेत कोण कोण काय काय बसवतं, त्याची चित्रं. त्यातलं एकही आपल्याला परवडण्यासारखं नव्हतं. पण एक गोष्ट त्याने अधोरेखित करून आणली होती: कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत, चांगलं जाडजूड, वजनाला हलकं असं काहीतरी. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. मला तो चेहरा ओळखीचा आहे. गणपतीच्या आधी महिनाभर तो तसाच असतो.

“जाड आणि हलकं! अगं, थर्माकोल!”

इथे सांगायला हवं की आमच्याकडे गणपतीचं मखर तो स्वतः करतो, तापलेल्या तारेने थर्माकोल कापून. त्या वर्षीचं मखर तर बघायला दिल्लीहून माणसं आली होती. थर्माकोल कापण्यात याचा हात कुणी धरणार नाही, आणि हे त्यालाही ठाऊक, हीच तर अडचण. पुढचे तीन दिवस ऑफिसातून आला की तो तार तापवून बसायचा. चार कोपऱ्यांसाठी चार तिकोनी खांब करायचे होते, नुसते सरळ. पण सरळ कापून त्याला चैन कुठली पडतेय? पहिल्या खांबाला त्याने कमान काढली. दुसऱ्याला कमळं. तिसऱ्यावर मोर आला. चौथ्याला वर कळस बसवला आणि मागे होऊन, मान तिरकी करून बघत राहिला. खोली अशी सजली की आता फक्त ‘मंगलमूर्ती मोरया’ म्हणायचं बाकी होतं.

“चल, ऊं कर,” मी म्हटलं.

त्याने ऊं केला. खोली पहिल्यासारखीच घुमली. वर आणखी एक गंमत, थर्माकोलच्या पाकळ्या थरथरून चिर्र चिर्र वाजायला लागल्या. मोरसुद्धा वाजत होता. मी एवढी हसले, एवढी हसले की जमिनीवर बसले. तो रागावून बाल्कनीत गेला. मग थोड्या वेळाने परत आला आणि छापलेले कागद पुन्हा वाचून पडेल चेहऱ्याने म्हणाला, थर्माकोलमधून हवा आरपार जात नाही. हवा आत शिरून दमली पाहिजे. भुसभुशीत काहीतरी हवं.

शुक्रवार उजाडला होता. माझं काय, मी तर आशा सोडली होती, पण आता तो इरेला पेटला. ऑफिसात पोट दुखतंय असं कळवून त्याने मला करोल बागला नेलं. तिथे गाड्यांच्या सामानाच्या दुकानांची ओळच्या ओळ आहे. गाडीच्या दाराच्या आत पत्रा वाजू नये म्हणून लोकरीचा नमदा लावतात, तो घ्यायचा त्याचा बेत होता. दुकानदार सरदारजी होते, तब्येतीने भरभक्कम, दुकानात इतक्या मोठ्याने गाणं चाललेलं की काउंटरवरचे स्क्रू उड्या मारत होते.

नवऱ्याने ओरडून सांगितलं, “बेस कम करना है!”

सरदारजींनी गाणं बंद केलं. “क्या कहा जी?”

“बेस. कम करना है.”

त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू आम्ही हलवायाकडे जाऊन साखर काढून द्या म्हणतोय. “बाऊजी, तीस साल से दुकान है. सब बेस बढ़वाने आते हैं. आप पहले हो जो घटवाने आए.” मग त्यांना फारच रस वाटला. खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, सगळी कथा ऐकून घेतली. माझ्याकडे वळून म्हणाले, मैडम, तुम्ही जरा बोला. मी पातळ आवाजात काहीतरी बोलले. ते मान हलवत राहिले. नमदा बोटांत धरून त्यांनी सांगितलं की हा पातळ आहे, याने खणखण जाईल, बेस नाही जायचा. “बेस को तो रजाई चाहिए. जिस कमरे में मेरी घरवाली रजाइयाँ रखती है ना, वहाँ मैं वूफर टेस्ट ही नहीं करता. सारा पी जाती हैं!”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आम्ही चहा तसाच ठेवून उठलो.

आमच्याकडे रजया दोन. पुण्याची माणसं आम्ही, थंडीची आमची तयारी म्हणजे दोन रजया, एक गोधडी आणि स्वेटर. पण तळमजल्यावर एक पंजाबी आंटी राहायच्या. दिल्लीकडच्या जुन्या घरांत पाहुण्यांसाठी म्हणून किती रजया असतात ते बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. त्यांच्या एका खोलीत पत्र्याची पेटी होती, तिच्यात दोन माणसं मावली असती. मी सगळी हकिगत सांगितली. आंटींनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “आवाज़ को रजाई ओढ़ाओगे? बेटा, बुखार तो नहीं?” पण त्यांनाही ‘आप क्या करती हैं’चं माझं उत्तर दोन वर्षं ऐकून ऐकून कंटाळा आला असावा. काम मिळण्यासाठी म्हटल्यावर त्या ताडकन उठल्या. पेटी उघडली. दिवाळीच्या आधी उन्हात घालायच्याच आहेत, रविवारी गच्चीवर नेऊन घाला म्हणजे झालं, आणि जमिनीला लावू नका, एवढ्याच दोन अटी. दहा रजया आम्ही दोन मजले वर वाहून नेल्या. सॅटिनच्या होत्या, गुलाबी, पोपटी, जांभळ्या, आणि डांबरगोळ्यांचा असा वास की डोळ्यांतून पाणी.

थर्माकोलचे खांब बाल्कनीत गेले. रजयांची गुंडाळी करून, पायजम्याच्या नाड्यांनी आवळून, खाली पाट ठेवून, एकावर एक उभी करायची असं ठरलं. पहिला खांब नवऱ्याच्या अंगावर पडला. दुसऱ्यांदाही पडला. तिसऱ्यांदा त्याने भिंतीला खिळे मारून जुन्या पट्ट्यांनी बांधून घेतला आणि चारही कोपरे भरले. उरलेल्या चार रजया भिंत आणि छत मिळतात तिथे पडद्याच्या दांड्यावर टाकल्या. आंटींचं सॅटिन मळू नये म्हणून मी माझ्या जुन्या सुती साड्या काढल्या आणि प्रत्येक खांबाला नेसवल्या. हात सुटला की सुटतो, निऱ्याही काढल्या. बघते तो काय, चार कोपऱ्यांत चार उभ्याच्या गौरी! फक्त मुखवटे नाहीत.

आंटी वर आल्या, रजया ठीक आहेत ना ते बघायला. दारातच थबकल्या आणि त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, “आंटी, आपकी ही रजाइयाँ हैं.”

“पता है,” त्या म्हणाल्या, “पर साड़ी तो पहनी है.” आणि हात काही खाली आणले नाहीत.

मग नवऱ्याने ऊं लावला. मधोमध लावला, भिंतीशी लावला, मग एकेका गौरीच्या पोटाशी तोंड नेऊन लावला. आवाज होता तेवढाच राहिला. फुगला नाही, घुमला नाही. तो मला म्हणाला, आता तू टाळी वाजव. वाजवली. टाळी टाळीसारखी वाजली आणि संपली. त्याने एवढ्या आनंदाने आंटींचा हात हातात घेऊन हलवला की त्या ‘बस बस’ म्हणत खाली गेल्या.

शनिवारी दुपारी दोन ते चार वीज असायची, नंतर बाजारातले जनरेटर सुरू व्हायचे. म्हणून दोनलाच बसलो. खिडक्या बंद, पंखा बंद, भोवती बारा रजया. सप्टेंबरचा घाम पाठीवरून ओघळत होता. मी माइकसमोर बसले, गळा आवळला, नाक चढवलं आणि सुरू केलं, ‘सांडपाण्याची विल्हेवाट लावण्याचा सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे शोषखड्डा.’ दोन्ही पानं एका दमात. मग हेडफोन कानाला लावून आम्ही दोघांनी ऐकलं.

घूँ-घूँ गेली होती. अगदी समूळ. आणि ती गेल्यावर जे मागे राहिलं होतं, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतं नाटक! एक बाई नाकात बोलतेय, घाबरून, कुणाला तरी खूश करायला, दर वाक्याच्या शेवटी सूर वर नेऊन. इतके दिवस ते सगळं त्या घुमण्याखाली झाकलेलं होतं. ते मी चौथीपासून बोलत होते, पाहुण्यांसमोर, शाळेच्या बाईंसमोर, सासूबाईंसमोर, त्या बंगाली बाबूंसमोर. मला माझीच इतकी कीव आली, आणि मग असा राग आला!

“पुन्हा घेऊ,” नवरा हळूच म्हणाला. त्यालाही कळलं होतं, पण बोलायची हिंमत नव्हती.

मी पुन्हा माइकसमोर बसले. त्याने बटण दाबलं, बोट वर केलं. मी तोंड उघडलं आणि त्या डांबरगोळ्यांनी मला शिंक आली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या शिंकेनंतर माझं डोकंच फिरलं. मी कोपऱ्यातल्या गौरीकडे बघून म्हटलं, “काय मेला वास आहे हा! डोकं भणभणून गेलं नुसतं! बारा रजया आणि एक धड वाक्य निघेना माझ्या तोंडून!”

नवरा हसला नाही. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

काय सांगू! आधी मला कळलंच नाही, हे कोण बोलतंय. आवाज खालचा होता, भरलेला होता, पण त्यात कुठेही चिखल नव्हता. ‘भणभणून’मधला प्रत्येक भ सुटा ऐकू येत होता. पिकलेल्या फणसाचा गरा असतो ना, तसा रसरशीत. ही बाई कुणाला भीत नव्हती. मी म्हटलं, परत लाव. त्याने लावलं. परत लाव. चौथ्यांदा ऐकताना मला रडू फुटलं, आणि मी रडता रडता हसतही होते, कारण कानात मी डांबरगोळ्यांना शिव्या देत होते. जाड होता माझा आवाज, होताच. पण वाईट नव्हता. तीस वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं; सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

“थोडा हलका करू का?” नवऱ्याने विचारलं. कॉम्प्युटरवर त्याच्याकडे सरकपट्ट्या होत्या, आवाज पातळ करायच्या, जाड करायच्या. “माझं काही म्हणणं नाही. तुला हवा असेल तर.”

“हात लावशील तर याद राख,” मी म्हटलं.

तेही माइकमध्ये छान आलं असतं, पण रेकॉर्डिंग चालू नव्हतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना मी तिसऱ्यांदा वाचायला बसले. गळा सोडला, नाक सोडलं, खांदे सोडले. मागच्या बाकावरच्या पोरांना शोषखड्डा समजावून सांगतेय असं समजले. एक मीटर रुंद, एक मीटर खोल, तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू. मला एवढी मजा येत होती की खड्डा संपूच नये असं वाटत होतं. शेवटचं वाक्य संपलं, त्याने फाइल जतन केली आणि दिवे गेले. कॉम्प्युटरची बॅटरी टिंटिं करायला लागली. आम्ही दोघं त्या अंधाऱ्या भट्टीत एकमेकांना टाळ्या देत बसलो.

रविवारी गौरींच्या साड्या सोडल्या, रजया गच्चीवर नेल्या, उन्हात पसरल्या, आणि संध्याकाळी आंटींच्या पेटीत नीट घडी करून परत ठेवल्या. सोमवारी मी कस्तुरबा गांधी मार्गावर जाऊन सीडी देऊन आले. बंगाली बाबू जागेवर नव्हते. त्यांच्या टेबलावर ठेवून आले. सवयीने याही सीडीवर नुसतं ‘मराठी, नोएडा’ आणि फोन नंबर लिहिला होता.

मंगळवारी मी घरातून पाऊलभरही हलले नाही. भाजी आणायला गेले नाही, गच्चीवर गेले नाही, आंघोळीला गेले तेव्हा फोन बाथरूमच्या दाराशी आणून ठेवला, वायर पुरेल तेवढा. तीनदा वाजला, दोनदा चुकीचा नंबर, एकदा नवरा, “आला का फोन?” त्याला मी म्हटलं, तू ठेव, तर येईल.

पाचच्या सुमाराला पुन्हा वाजला. मी उचलला. लवंग चघळत बोलणारा आवाज मी लगेच ओळखला. नाक चढवायचं या घाईत राहूनच गेलं.

“कल जो सीडी आई है,” ते म्हणाले, “उसमें आवाज़ किसकी है?”

“मेरी,” मी म्हटलं.

“अच्छा, आपकी.” पलीकडे कागदांची सळसळ झाली. मग ते जरा अवघडून, सांभाळून बोलायला लागले. “देखिए, बुरा मत मानिएगा. आपके घर से पहले एक और मैडम ने भेजी थी. आपकी बहन होंगी शायद. उनको ज़रा प्यार से मना कर दीजिए. हमें तो आप ही चाहिए. बारह की बारह आप ही कीजिए.”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. 

“हैलो? मैडम, वो बुरा तो नहीं मान जाएँगी?”

“वो अब यहाँ नहीं रहतीं,” मी म्हटलं, आणि हे सांगताना आवाज जराही वर चढवला नाही.